आक्का, टाकी फुटली नव्हती

आक्का, तेरा दिवस घरात माणसांची रीघ आहे. येणारा प्रत्येक जण चटईवर टेकतो, डोळ्यांना पदर नाहीतर रुमाल लावतो आणि म्हणतो, "गरीब गाय होती बिचारी." मी मान हलवतो. मास्तर आहे, चारचौघांत कसं वागायचं ते शिकवण्याचाच मला पगार मिळतो. पण काल खालच्या आळीतली काकी म्हणाली, "कधी कुणाला उलट म्हणून बोलली न्हाय," तेव्हा मला हसू आवरेना. उठून मागच्या दारी गेलो. लोकांना वाटलं, भाऊ रडायला गेला. रडलोही, पण ते नंतर.

गाय म्हणे. बाजारात टोपली उतरवलीस की गिऱ्हाईक आधी खिसा चाचपायचं आणि मग तुझ्याशी बोलायचं. चुकीची मासळी उचलणाऱ्या माणसाचा हात तू धरून बाजूला ठेवायचीस, चमचा ठेवावा तसा. ती बाई कुठे गेली? तेरा दिवसांत तुला धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवलंय लोकांनी.

आणि टाकीबद्दल एक अक्षर कुणी काढलं नाही. तुझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा विजय, पण तो पडला संडासातला, म्हणून दिवसकार्याच्या घरात त्याचं नाव घ्यायचं नाही. मी घेणार. अगदी पहिल्यापासून सांगणार. तुला सगळं ठाऊक आहे, पण ही गोष्ट तू मला एकदाही न अडवता सांगू दिली नाहीस, आणि आज अडवायला तू नाहीस. हा फायदा मी घेणारच. तूही घेतला असतास.

ओल्या फळीवरून पाय घसरून तुझं खुब्याचं हाड मोडलं, तिथून सुरुवात. हाड जुळलं, पाय मात्र दोन बोटं आखूड राहिला. आपल्या वाडीत तेव्हा बायकांनी उजाडायच्या आत टोकापलीकडच्या खडकांत परसाकडेला जायचं, अशी रीत. पुरुषांना कुठेही कधीही मुभा. शेवाळलेल्या खडकांवर काठी टेकत जाणं तुला जमेना. दोनदा पडलीस. मग तू भाकरी अर्धी केलीस. दुपारनंतर पाणी सोडलंस. वहिनी वाढायला आली की म्हणायचीस, "भूक न्हाय." घरात कुणी कारण विचारलं नाही, कारण कारण सगळ्यांना ठाऊक होतं.

दादानेही विचारलं नाही. आपला दादा सात माणसांच्या होडीचा तांडेल, वाऱ्याशी बोलेल पण घरात बोलणार नाही. सुकी मासळी घेऊन मुंबईला गेला आणि परत येताना होडीतून एक काळी लोखंडी टाकी घेऊन आला. शिवाय पांढरं चिनी मातीचं भांडं, एक साखळी आणि शिशाचा नळ. कुठलासा जुना बंगला पाडत होते, तिथून उचललं म्हणाला. घरामागे विहिरीला लागून खोली बांधली. आत भिंतीवर उंच टाकी बसवली, छपरावर पाण्याचं पिंप ठेवलं, पिंपापर्यंत जायला बाहेरून आठ पायऱ्या काढल्या. सगळी वाडी बघायला आली. साखळी ओढली की धबाबा पाणी येतं, हे बघण्यासाठी माणसं दोनदोनदा रांगेत उभी राहिली. ज्यांना गरज नव्हती तेही.

पिंप भरायचं काम वहिनीचं. कमरेवर हंडा, आठ पायऱ्या चढायच्या, आठ उतरायच्या. ती कुरकुरत नव्हती. दोन वर्षं छान गेली. तुझी भाकरी पूर्ण झाली, अंगावर मांस चढलं, आवाजही चढला.

आणि मग एका वैशाखात ती टाकी झरायला लागली.

साखळी ओढलेली नसतानाही भांड्यात करंगळीएवढी धार. दिवसरात्र. सकाळी भरलेलं पिंप दुपारी रिकामं. वहिनीच्या फेऱ्या सहाच्या बारा झाल्या, बाराच्या वीस. आणि वैशाखात आपली विहीर म्हणजे काय, तळाला तोंड बघण्यापुरतं पाणी.

दादा आत गेला, टाकीला हात लावून बाहेर आला आणि म्हणाला, "फुटलीय. लोखंड हाय, गंज खाल्लाय."

झालं. कोळ्याच्या घरात पाणी गळलं की एकच रोग आणि एकच औषध. दादा आणि त्याचे दोन खलाशी कापूस, राळ आणि तेलाचा डबा घेऊन टाकीवर तुटून पडले. होडीच्या फटीत जसा कापूस ठोकून राळ भरतात, तसा टाकीचा एकूण एक सांधा भरला. बाहेरून भरला. मग टाकी रिकामी करून आतून भरला. मग वरून डांबराचा हात दिला. तीन दिवस खोलीत राळेचा असा वास होता की आत बसलेल्या माणसाला आपण मालवणला निघालोय असं वाटावं. ती टाकी समुद्रात सोडली असती तर खरंच मालवणला पोचली असती.

चौथ्या दिवशी पाणी भरलं. भांड्यात करंगळीएवढी धार.

तेव्हा तू तोंड उघडलंस. ओटीवर बसून सुपारी कातरत होतीस. म्हणालीस, "दादा, टाकी माझ्या डोक्यावर हाय. मी तिच्याखाली बसते. फुटली असती तर माझ्या टाळक्यावर थेंब पडला असता. कधी पडला न्हाय."

दादा म्हणाला, "तुला काय कळतंय त्यातलं."

"टाळकं माझं हाय, मला न्हाय कळणार तर कुणाला?"

खलाशी हसले, आणि तिथे दादाचं बिनसलं. माणसांसमोर हसं झालं ना. उठला, आणि सांगून टाकलं की परवा होडी सोडतोय, चार दिवसांनी येईन. तोवर पाणी थांबलं तर थांबलं, नाहीतर पिंपाचा नळ बंद करून दाराला कुलूप. विहीर आटली तर घरात भात शिजवायचं काय? पाऊस पडल्यावर बघू.

दादा काही खोटं बोलत नव्हता. पावसाला दीड महिना होता. दीड महिना म्हणजे पंचेचाळीस पहाटा, ते खडक, ती काठी. त्या संध्याकाळी वहिनीने तुला वाढलं आणि तू ताट अर्ध्यावर सरकवलंस. "भूक न्हाय." दोन वर्षांनी ते शब्द घरात परत आले. वहिनी माझ्याकडे बघत राहिली आणि मी भिंतीकडे.

होडी गेली त्याच सकाळी तू मला हाक मारलीस. "मास्तर, शाळेला सुट्टी हाय ना? स्टूल घेऊन ये."

मी कोळ्याच्या पोटचा आणि होडीत पाय ठेवला की ओकारी, हे दुःख तुझ्याइतकं कुणी चघळलेलं नाही. "आमचा मास्तर जमिनीवरचा कोळी," असं तू पाहुण्यांना ओळख करून द्यायचीस. पण त्या दिवशी वाडीत जमिनीवरचा कोळी मी एकटाच होतो, त्यामुळे निवडीला वाव नव्हता.

मी स्टुलावर. तू दारात काठीवर हनुवटी टेकून. शिमग्याच्या नाटकात मी राजा व्हायचो तेव्हा समोर बसून तू जसं बघायचीस, तसंच, म्हणजे आता हा कुठे चुकतो ते.

मी झाकण काढलं.

"पाणी कुठवर हाय?"

"काठोकाठ."

"फुटलेल्या भांड्यात पाणी काठोकाठ राहतं का रे?"

मी वर, तू खाली, आणि तरी त्या क्षणी माझ्यापेक्षा तुझी उंची जास्त होती. तीन दिवस, तीन पुरुष, डबाभर राळ, आणि एकानेही भरलेल्या टाकीचं झाकण काढून पाण्याची पातळी बघितली नव्हती. होडीत पाणी बाहेरून आत येतं. त्यांना तेवढंच माहीत. आत जास्त झालेलं पाणी बाहेर वाहील, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"आत काय काय हाय ते सांग."

मी सांगत गेलो. मध्ये देवळातल्या घंटेसारखा लोखंडी टोप. त्याखाली उभी नळी, तीच खाली भांड्यात उतरते. त्या नळीच्या तोंडावरून पाणी हळूहळू आत सांडतंय. एका कडेला पिंपाकडून येणारा नळ, त्यातून बारीक धार चालूच. नळाला पितळी दांडी, दांडीच्या टोकाला नारळाएवढा तांब्याचा गोळा.

"गोळा काय करतोय?"

"पाण्यात बसलाय."

"बसलाय की तरंगतोय?"

मी नीट बघितलं. "अर्ध्याहून जास्त बुडालाय."

"हात घाल. वर उचल त्याला."

उचलला. दांडी वर गेली आणि नळ बंद झाला. नळ बंद झाला तसं नळीत सांडणारं पाणी आटलं, आणि खाली भांड्यात टिप, टिप, आणि मग काही नाही. पंधरा दिवस घरातल्या प्रत्येक माणसाच्या कानात घर करून बसलेला तो आवाज थांबला. वहिनी विहिरीवर होती, ती हंडा तिथेच ठेवून धावत आली. तिला वाटलं पिंप संपलं.

"सोड," तू म्हणालीस. धार सुरू. "उचल." बंद. "सोड." सुरू. आपण किती वेळा केलं ते आठवतं? मी चाळिशीला टेकलेला, तू पन्नाशी ओलांडलेली, आणि वहिनी ओरडली, "अगं पानी जातंय, खेळताय काय?" तेव्हा थांबलो.

आता इथे मला कबुली द्यायची आहे. इतकी वर्षं ही गोष्ट मी लग्नात, बारशात, शाळेच्या तपासणीला आलेल्या साहेबांसमोर, जिथे म्हणून चार माणसं जमली तिथे सांगत आलो. सांगताना पुढचा भाग मी असा सांगायचो: "मग मी गोळा काढला, कानाशी हलवला, आणि मला उमगलं." टाळ्या घ्यायचो. आणि दर वेळी कोपऱ्यातून तुझा आवाज यायचा, एकच शब्द. "नारळ." मी अडखळायचो, पाणी प्यायचो, विषय बदलायचो. लोकांना कधी कळलं नाही. आज कळू दे.

मी पिंपाचा नळ बंद केला, गोळा फिरवून काढला, कानाशी हलवला. आत खुळखुळलं. आणि मी, सातवी पास, ट्रेनिंग झालेला मास्तर, स्टुलावरून मोठ्या थाटात म्हणालो, "उत्तम आहे. पाणी भरपूर आहे आत."

तू काठीवरची हनुवटी उचललीस. मग म्हणालीस, "मास्तर, तो नारळ न्हाय."

आयुष्यभर नारळ कानाशी हलवून घेतलेला माणूस. खुळखुळला की चांगला, हे हाडात गेलेलं. तू काठीवर रेलून, हात उंच करून माझ्या हातातला गोळा जवळजवळ हिसकावून घेतलास, हलवलास आणि म्हणालीस, "भोपळ्यात पानी शिरलं की जाळं खाली बसतं. ह्यात पानी शिरलंय. जड झालाय, म्हणून वर येत न्हाय. वर येत न्हाय म्हणून नळ मिटत न्हाय." जाळ्याला बांधायचे वाळके भोपळे तू लहानपणापासून तपासत आलेली. तुला काही शिकावं लागलं नाही. सगळं तुझंच होतं, आक्का. मी फक्त स्टूल आणलं.

काल रात्री पाहुण्यांसमोर सवयीने मी ती गोष्ट सुरू केली. "मग मी गोळा कानाशी हलवला," इथपर्यंत आलो आणि थांबलो. कोपऱ्याकडे बघितलं. तिथे उशांचा ढीग होता. मला पुढे सांगता येईना. खोटं बोलायलाही समोर कुणीतरी खरं जाणणारं लागतं, हे मला त्या वेळी कळलं. रडलो म्हणालो ना, ते तेव्हा.

पण पुढचा भाग रडण्याचा नाही.

भोक कुठे आहे ते दिसेना. तू म्हणालीस, गरम पाण्यात बुडवू, आतली हवा फुगेल आणि बुडबुड्यांनी जागा दाखवेल. चुलीवर वहिनीचा पेजेचा टोप होता, नुकतंच आधण आलेलं. तू गोळा घेऊन स्वयंपाकघरात शिरलीस आणि वहिनी दारात आडवी झाली.

"संडासातला गोळा माझ्या टोपात?"

"संडासातला न्हाय. टाकीतला. टाकीत तूच भरतेस ते पानी हाय."

"तरी पण."

"वीस फेऱ्या कोण करतंय?"

वहिनी बाजूला झाली. मग म्हणाली, "टोप मी फेकून देईन."

"दे. पण आधी बुडबुडे बघ."

तिघांची डोकी टोपावर. तू गोळा पाण्याखाली धरून हळूहळू फिरवत होतीस, हात भाजत होते तरी. आणि आला. मोहरीएवढा एक बुडबुडा. मग दुसरा. मग माळ लागली. दोन अर्धगोल जिथे जोडले होते त्या शिवणीवर सुईच्या टोकाएवढं भोक. वहिनीच पहिली ओरडली, "तो बघा, तो बघा," जणू घोळ मासा दिसला.

तू भोक खाली करून गोळा निखाऱ्यांपासून वीतभर अंतरावर धरलास. आतलं पाणी दोऱ्यासारखं बारीक बाहेर आलं. शेवटी नुसती वाफ. हलवला, आवाज नाही. दादाने टाकीला फासून उरलेली राळ करवंटीत होती. तू काडीने तिचा एक थेंब घेतलास, त्यात कापसाचा धागा घोळवलास आणि भोकावर बसवलास. दादाला डबाभर लागली होती. तुला थेंबभर पुरली. पुढे कल्हईवाला आला तेव्हा त्याने तिथे कथलाचा पक्का टाका दिला, पण त्या दीड महिन्यात तुझा थेंब जागचा हलला नाही.

गोळा बसवला. नळ उघडला. पाणी चढत गेलं, गोळा बदकासारखा वर वर आला, धार बारीक झाली, केसासारखी झाली आणि मिटली. आपण तिघं त्या खोलीत दाटीवाटीने उभे राहून काहीही न होण्याचा आवाज ऐकत होतो.

मी म्हणालो, "जिंकलो."

तू म्हणालीस, "थांब. हे बिघडायचंच होतं कधीतरी. ज्यानं टाकी केली त्याला ठाऊक असणार. जास्तीचं पानी जायला त्यानं वाट ठेवली नसेल?"

मी टाकीच्या आत हात फिरवला. काठाच्या जरा खाली, उजव्या अंगाला, राळेखाली काहीतरी गोल लागलं. खरवडलं. लाकडी खुंटी. सागवानी, नीट तासलेली, पक्की ठोकलेली. दादाच्या हाताची.

तुला हसताना मी खूप वेळा बघितलंय, पण जमिनीवर बसावं लागेल इतकं हसताना ते एकदाच. टाकी बसवताना दादाला तिच्या अंगात एक भोक दिसलं होतं. तांडेलाच्या घरात पाण्याच्या भांड्याला भोक. त्याने एका शब्दाने कुणाला न विचारता ते बुजवलं होतं. ते उघडं असतं तर जास्तीचं पाणी भिंतीबाहेर पडलं असतं, पहिल्याच दिवशी सगळ्यांना दिसलं असतं. वाट बंद, म्हणून ते गुपचूप आतल्या नळीतून भांड्यात जात राहिलं.

मी खुंटी ओढायला गेलो तर तू म्हणालीस, "ऱ्हाऊ दे. ती त्याची हाय."

चौथ्या दिवशी भर दुपारी दादा आला. बाजारातून नवं कुलूप आणलं होतं, पिशवीसुद्धा नाही, उघडं हातात. सरळ मागे गेला. खोलीत शिरला आणि उभा राहिला. बराच वेळ. मग नळाला कान लावला. मग बाहेर येऊन आठ पायऱ्या चढला, पिंपात वाकून बघितलं. भरलेलं.

खाली आला. "कुणी केलं?"

मी छाती पुढे काढली. तू काठीने माझ्या पायाला टोचलंस.

"ते नंतर," तू म्हणालीस. "आधी स्टुलावर चढ. उजव्या हाताला खुंटी हाय. ती कुणी ठोकली?"

"भोक होतं तिथं."

"व्हय. भोक होतं."

"मग? पान्याच्या भांड्याला भोक ठेवायचं?"

"ठेवायचं. जास्ती झालं की तिथनं बाहेर पडतं. बाहेर पडलं की मानसाला दिसतं. तुझ्या होडीला लागत न्हाय, ह्याला लागतं."

दादा स्टुलावर चढला. बोटांनी खुंटी हलवली, हलेना. स्वतःचंच काम, चांगलं होतं. शेवटी पक्कड मागितली. खुंटी निघाली तेव्हा ती तळहातावर घेऊन त्याने अशी बघितली, जशी एखादी अनोळखी मासळी बघावी. मग खिशात घातली. तुझी माफी त्याने मागितली नाही, तूही ती मागून घेतली नाहीस. मी मधे पडून काहीतरी समारोपाचं बोलायला तोंड उघडलं, तर दोघं एकदम म्हणालात, "मास्तर, गप."

इथवरची गोष्ट मी लोकांना सांगत आलो, नारळ वगळून. याच्या पुढचा भाग कधीच कुणाला सांगितला नाही. तुझ्या हयातीत बरं दिसलं नसतं. आता मला तोच सांगावासा वाटतो, कारण तेरा दिवस गरीब गाय, गरीब गाय ऐकतोय.

दादा चार दिवस होडीवरून आलेला. त्याला घाईची लागली होती. पक्कड माझ्या हातात देऊन तो टमरेल भरायला विहिरीवर गेला. तेवढ्यात तू काठी टेकत आत गेलीस आणि दार लावलंस. कडी घातल्याचा आवाज मी ऐकला. बाहेर रणरणतं ऊन. जिने सगळा जन्म उजाडायच्या आत उरकून परत यायची घाई केली, ती बाई भर दुपारी बारा वाजता, आपल्या घरात, आतून कडी घालून.

दादा आला. थांबला. खाकरला. मग दारावर बोट वाजवलं. "आक्का."

आतून तुझा आवाज आला, सावकाश, तोंडात पान असल्यासारखा. "थांब. मी बसलेय."

आणि सात माणसांच्या होडीचा तांडेल हातात टमरेल धरून उन्हात उभा राहिला. एक पाय, मग दुसरा पाय. वहिनी पदर तोंडाला लावून विहिरीआड गेली. मी आभाळाकडे बघत होतो. आत सुपारी कातरल्याचा आवाज येत होता, कट, कट, कट.

तू मुळीच घाई केली नाहीस.